गोचिडांवर कडुनिंब पुरेल का?

प्रश्न : आमच्या लॅब्रेडॉरला तळजाई टेकडीवर फिरवून आणलं की कानांत गोचीड सापडतात. घरात रांगतं बाळ आहे, त्यामुळे रासायनिक औषध नको वाटतं. झाडपाल्याचा उपाय सांगाल? – एक वाचक, सहकारनगर

उत्तर : काळजी रास्त आहे. कडुनिंबातल्या अ‍ॅझाडिरॅक्टिन या घटकामुळे गोचिडाच्या वाढीत आणि अंडी घालण्यात अडथळा येतो. चिकटलेला गोचीड मात्र लगेच गळत नाही. कडुनिंबाचं तेल खोबरेलात पातळ करून आधी थोड्याशा जागी लावून बघा, चाटू देऊ नका. सीताफळाच्या बियांची पूड मुळीच नको. गोचीड मरतात, हे खरं. पण ती डोळ्यात गेली तर गंभीर इजा होते, आणि कानाला लावलेलं पंजाने डोळ्यापर्यंत पोचतंच. माझ्या दवाखान्यात असे कुत्रे येतात, फार वाईट वाटतं. टी ट्री तेल, लसूण हेही कुत्र्यांना बाधतात.

मोठं काम घरात आहे. मादी रक्त पिऊन खाली उतरते आणि भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. भेगा बुजवा, अंथरूण कडकडीत पाण्यात धुवा. ताप, सुस्ती किंवा नाकातून रक्त दिसलं, तर त्याच दिवशी एर्लिकिया या गोचिडांमार्फत पसरणाऱ्या जंतूसाठी रक्त तपासून घ्या.