वावरात, जंगलात मुलांना नेताना कोणत्या झाडांपासून जपावं?

सुट्टीत मुलं गावी येतात, तेव्हा कोणत्या झाडाझुडपांपासून सांभाळावं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते सगळ्यात आधी चंद्रज्योत दाखवून ठेवा. धुऱ्यावर, कुंपणाला सर्रास लावलेली असते. पिवळं फळ वाळून काळपट होतं, फोडलं की आत बहुधा तीन काळ्या बिया. गर चवीला शेंगदाण्यासारखा लागतो, म्हणूनच पोरं एकमेकांना वाटून खातात आणि काही तासांत सगळ्यांनाच उलट्या-जुलाब सुरू होतात. अशा वेळी मीठपाणी पाजून ओकवत बसू नका. उरलेल्या बिया सोबत घ्या आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा, नाहीतर १०८ ला फोन लावा.

गुंजेची लाल-काळी बी दिसायला देखणी, पण चावली गेली तर जिवावर बेतते. धोतऱ्याचं काटेरी फळही तोंडात नको.

खाजकुयलीच्या शेंगा हिवाळ्यात वाळतात, त्यांची सोनेरी कूस वाऱ्यानेही अंगावर येते. खाजवायचं नाही, चिकटपट्टीने ओढून काढायची, मग साबणाने धुवायचं. बिब्याचं तेल लागलं तरी लगेच धुवा, फोड उशिरा उठतात. रुईचा चीक डोळ्यात उडाला तर भरपूर पाणी मारून डॉक्टरांना दाखवाच.