किरिबाती समुद्र विकतोय की राखतोय?

प्रश्न असा आहे की प्रशांत महासागरातल्या किरिबाती या छोट्या बेटदेशाकडे ट्यूना मासा पकडणारी स्वतःची मोठी जहाजं थोडीच आहेत, मग परदेशी जहाजांना परवाने देऊन तो देश आपलाच समुद्र लुटू देतो आहे का. माझं मत स्पष्ट आहे: लूट होत होती, पण ती याच परवान्यांनी बरीचशी थांबवली.

देशाची जमीन 811 चौरस किलोमीटर आणि विशेष आर्थिक क्षेत्र, म्हणजे मासेमारीचा हक्क असलेला समुद्र, सुमारे 35 लाख चौरस किलोमीटर. बनाबा बेटावरचं फॉस्फेट 1979 मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी संपलं. हाताशी उरला ट्यूना, मुख्यतः स्किपजॅक ही त्याची लहान जात. त्या काळी अमेरिका म्हणायची की ट्यूना फिरता मासा आहे, त्यावर किनारी देशाचा हक्क नाही. 1984 साली सॉलोमन बेटांनी एक अमेरिकी जहाज जप्त केलं, तर अमेरिकेने त्यांच्या माशांवर आयातबंदी घातली. पुढच्या वर्षी किरिबातीने थेट अमेरिकेच्या प्रतिस्पर्ध्याला, सोव्हिएत संघाला, परवाने दिले. त्यानंतर अमेरिकेची भूमिका मवाळ झाली आणि 1987 मध्ये बेटांशी पैसे देण्याचा करार झाला. एवढ्याशा देशाने दाखवलेली ही हिंमत मला आजही फार मोठी वाटते.

पण खरी ताकद एकीची. 1982 च्या नाउरू करारात किरिबातीसह आठ देश आहेत: मायक्रोनेशिया, मार्शल बेटं, नाउरू, पलाऊ, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं, तुवालू. आधी प्रत्येक देश वेगवेगळा सौदा करायचा आणि जहाजवाले त्यांना एकमेकांविरुद्ध खेळवायचे. 2007 च्या अखेरीपासून त्यांनी मासा विकायचा सोडून दिवस विकायला घेतले. पर्ससीन जहाजांनी, म्हणजे माशांच्या थव्याला मोठ्या जाळ्याने वेढून पकडणाऱ्यांनी, वर्षभरात मिळून किती दिवस मासेमारी करायची ते ठरतं, साधारण 45,000 दिवस, आणि ते आठ जणांत वाटले जातात. 80 मीटरहून लांब जहाजाचा एक दिवस दीड धरतात, 50 मीटरहून लहानाचा अर्धा. 2011 मध्ये दिवसाचा किमान दर 5,000 डॉलर होता, 2015 मध्ये 8,000. किरिबातीच्या सरकारी महसुलाचा सर्वात मोठा वाटा आज यातूनच येतो.

कोकणातल्या पर्ससीनच्या वादावरून हे ताडून पाहू नका. तिथे एकाच किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमार आणि मोठी जाळी समोरासमोर येतात. किरिबातीतला स्किपजॅक बराचसा खोल समुद्रात पकडला जातो आणि लोकांची रोजची मासेमारी लगून, म्हणजे प्रवाळाने वेढलेलं उथळ पाणी, आणि प्रवाळाच्या आसपास असते.

त्रुटी आहेत, आणि त्या झाकू नयेत. दिवस तेवढेच राहिले तरी जहाजं हुशार होत जातात. खाली मासे जमावेत म्हणून सोडलेल्या तराफ्यांना आता उपग्रहाशी जोडलेले बोये असतात, त्यामुळे त्याच एका दिवसात जास्त मासा निघतो. म्हणून वर्षातला काही काळ तराफ्यांभोवती मासेमारी बंद असते. 2010 पासून प्रत्येक पर्ससीन जहाजावर निरीक्षक नेमायचा नियम आहे, पण भर समुद्रात तो माणूस एकटा असतो. 2020 मध्ये किरिबातीचाच एक निरीक्षक जहाजावर मृतावस्थेत सापडला. निरीक्षकाचा जीव सुरक्षित नसेल तर आकडेवारीवर भरवसा कसा ठेवायचा?

मासा डबाबंद करण्याचे कारखाने किरिबातीतच का नाहीत, असाही प्रश्न पडतो. राजधानीचं तारावा हे प्रवाळी बेट, गोडं पाणी जमिनीखालच्या पातळ थरात, वीज महाग, बाजारपेठ लांब. म्हणून बराच मासा बँकॉकला जातो. तारावातल्या बेतिओत ताज्या ट्यूनाची छोटी प्रक्रिया होते, एवढंच.

सगळ्यात मोठी काळजी पुढची आहे. एल निनोच्या वर्षी उबदार पाण्यामागे ट्यूना पूर्वेला सरकतो आणि किरिबातीची कमाई वाढते. पण समुद्र कायमचा तापला तर हाच मासा बेटांच्या हद्दीबाहेर, खुल्या समुद्रात जाईल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तापमानवाढीत या देशांचा वाटा नगण्य, म्हणून मासा सरकला तरी त्यावरचा त्यांचा हक्क कायम राहिला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.