तळपायाची जखम, सकाळचे फिरणे आणि घरातले अनवाणी चालणे

वडिलांच्या तळपायाला मधुमेहाची जखम झाली असताना त्यांचे सकाळचे फिरणे थांबवावे का आणि जखम भरायला किती दिवस लागतील, असे आपण विचारले आहे. फिरणे थांबवावे. परंतु तेवढ्याने फारसे साधणार नाही, कारण आपल्याकडे चालणे म्हणजे बूट घालून बागेत मारलेल्या फेऱ्या एवढेच धरले जाते. बिछान्यापासून न्हाणीघर, तेथून देवघर, तेथून स्वयंपाकघर असे जे चालणे दिवसभर अनवाणी घडते, ते कोणी हिशेबातच घेत नाही.

आमचे घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जुन्या वाड्यात आहे आणि चौकात दगडी फरशी आहे. उन्हाळ्यात येथे पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा त्या फरशीवर धडधाकट माणसाचाही पाय ठरत नाही. बाबांच्या तळपायांची संवेदना मधुमेहाने केव्हाच गेली होती. ज्येष्ठातल्या एका दुपारी उशिरा पूजा आटोपून ते तुळशीला पाणी घालून, प्रदक्षिणा करून सावकाश परत आले आणि त्यांना काहीही जाणवले नाही. आईला फरशीवर ओलसर डागांची रांग दिसली, तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी आलेला फोड फुटल्याचे आम्हाला कळले.

पुढे ड्रेसिंग वेळच्या वेळी होत होते, साखर आटोक्यात होती, भोवतालचा घट्टा आणि मेलेले मांस डॉक्टर नेमाने काढीत होते, तरीही जखम हटत नव्हती. बाबांचे धाकटे बंधू, म्हणजे आमचे काका, तालमीत वाढलेले. पहाटे दवाच्या गवतावर अनवाणी चालल्याने साखर उतरते आणि पायांत रक्त खेळते, हे त्यांचे ठाम मत होते आणि ते रोज येऊन बाबांना तेच ऐकवीत. अखेरीस डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंतचे, घरी काढता न येणारे प्लास्टर घातले, त्यावर काकांनी विचारले की हाड मोडलेले नसताना प्लास्टर कशासाठी. ज्या पायाला दुखत नाही तो पाय लंगडत नाही, आणि म्हणून प्रत्येक पावलाला संपूर्ण भार त्याच जागी पडत राहतो, एवढे साधे कारण त्यांना आजतागायत पटलेले नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांवरील जखमा अशाच प्लास्टरने बऱ्या केल्या होत्या आणि पुढे अमेरिकेत कारव्हिल येथे तीच पद्धत मधुमेहींसाठी वापरली गेली, म्हणजे हे काही आमच्या डॉक्टरांच्या मनात आलेले खूळ नव्हते. प्लास्टर काढता येऊ नये यालाही कारण आहे. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 20 रुग्णांना काढघाल करता येणारे बूट दिले होते. दिवसभराच्या एकूण हालचालीपैकी सरासरी 28 टक्के हालचालीच्या वेळीच ते बूट त्यांच्या पायांत होते.

त्या काळात मी देव उचलून बाबांच्या खोलीत आणले आणि त्यांना खुर्चीवर बसून पूजा करायला लावली. जखम भरल्यावर त्यांच्यासाठी एमसीआर, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराच्या चपलांचा एक जोड केवळ घरात वापरायला घेतला. तो उंबऱ्याबाहेर जात नाही आणि देवघरातही काढला जात नाही. काकांनी त्या वर्षी आमच्याकडे महालक्ष्म्यांचे जेवण घेतले नाही. सोवळे मलाही कळते, परंतु ज्या सोवळ्यापायी पाय कापून घ्यावा लागेल, ते मी पाळणार नाही.

फिरणे बंद झाल्याने साखर वाढेल ही भीती अगदीच निराधार नाही. त्यासाठी बसून हातांचे व्यायाम करता येतात आणि इन्सुलिनची मात्रा डॉक्टर ठरवून देतात.

दिवसांचे म्हणाल, तर संसर्ग नसलेली आणि रक्तपुरवठा चांगला असलेली तळपायाची जखम अशा प्लास्टरमध्ये साधारण 6 ते 8 आठवड्यांत भरते. 4 आठवड्यांत तिचा आकार निम्म्यावर आला नाही, तर उपचारांचा फेरविचार करायला सांगावे. भरल्यावरही निर्धास्त राहू नये, कारण वर्षभरात सुमारे 40 टक्के रुग्णांना पुन्हा जखम होते.

मी डॉक्टर नाही, हेही येथे नमूद करते. पायाचा रक्तपुरवठा कमी असेल किंवा जखमेत पू असेल, तर हे प्लास्टर धोक्याचे ठरू शकते, म्हणून घोट्याजवळचा रक्तदाब आधी तपासून घ्यावा. रक्तवाहिन्या कडक झालेल्या असल्यास तो आकडा फसवा, म्हणजे वास्तवापेक्षा चांगला येतो, हेही डॉक्टरांना विचारावे. पाय लाल व गरम झाला, दुर्गंधी आली, बोट काळे पडू लागले किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

काकांना स्वतःलाही मधुमेह आहे. 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळपायाला टेकवून संवेदना पाहण्याची तपासणी काही मिनिटांची असते आणि तिला सुई लागत नाही. ती त्यांनी अजून करून घेतलेली नाही, आणि गवतावर ते आजही अनवाणीच चालतात.