पुण्यात राहून स्वतःची फिल्म-टीव्ही निर्मिती कंपनी वाढवता येते का, की मुंबईला जावंच लागतं?

‘जावंच लागतं’ हे मी पहिल्यांदा माझ्याच पार्टनरकडून ऐकलं, म्हणून लिहितोय. प्रभात फिल्म कंपनी 1933 साली कोल्हापूरहून उठून पुण्यात आली आणि त्याच आवारात आज एफटीआयआय ही सिनेमा-टीव्ही शिकवणारी सरकारी संस्था आहे, तेव्हा ‘पुण्यात काय ठेवलंय’ हे मला तरी कुणी विचारू नये. (प्रभात पुढे बंद पडली, माहितीये.)

आमचं ऑफिस एरंडवण्यात, दोन खोल्यांचं. भोसरी-चाकणच्या कारखान्यांच्या फिल्म करून बरं चाललं होतं. 2018 मध्ये एका वाहिनीची मालिका मिळाली आणि पार्टनर पेढे घेऊन आला. एपिसोडमागे ठरलेली रक्कम, तीही टेलिकास्टनंतर 90 दिवसांनी. स्पॉटदादा, लाइटवाले यांना मात्र रोजचे रोज. वर बिल केलं की पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला 18 टक्के जीएसटी भरायचा, पैसे आलेले असोत वा नसोत. पहिलं बिल तर परतच आलं, कारण पीओ (वाहिनीची खरेदी ऑर्डर) नंबरातला एक आकडा चुकला होता. नवं बिल दिलं, 90 दिवस पुन्हा पहिल्यापासून. माझी एफडी त्यात गेली. आणि करारात सगळे हक्क वाहिनीचे! मालिका पुन्हा दाखवली, डब केली, तरी आम्हाला छदाम नाही.

आता खरी गोष्ट. त्याच्या दोन वर्षं आधी दिवे घाटात पालखी चढताना मी दिवसभर शूट केलं होतं. कॅमेरा भाड्याचा, छत्री धरायला भाचा. पार्टनर म्हणाला, “हौस कर, पण बिल कंपनीवर टाकू नकोस.” टाकलं नाही. म्हणूनच पुढे आमची फारकत झाली तेव्हा ते फुटेज माझ्याकडे राहिलं. आजही कुणाला माहितीपटासाठी, कुणाला जाहिरातीसाठी घाट लागतो. गेल्या आषाढात चाळीस सेकंदांच्या फुटेजवर दोन महिन्यांचं ऑफिसभाडं सुटलं. तेव्हा कॅमेरा विकत घेऊ नका, भाड्याने आणा. हार्ड डिस्क मात्र दोन घ्या, आणि दुसरी घरी ठेवा. दरवर्षी थोडं तरी असं करा ज्याचे हक्क तुमचे असतील. ‘पैसे नाहीत, पण एक्स्पोजर मिळेल’ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

मालिकाच करायच्या असतील तर मात्र कलाकारांच्या तारखा, वाहिनीच्या मीटिंगा, सगळं मुंबईतच. महिन्यातून दोनदा शिवनेरी मलाही चुकलेली नाही. आणि खरं सांगायचं तर त्या जुन्या पार्टनरकडे अंधेरीत आज तीस माणसं आहेत, माझ्याकडे चार.

परवा त्याचाच फोन आला होता. घाटाचं फुटेज हवंय म्हणाला. रेट कार्ड पाठवलंय.