पिकअपच्या हौद्याला स्प्रे लायनर: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

स्प्रे लायनरवर, म्हणजे हौद्याच्या पत्र्यावर फवारून चिकटवायच्या जाड संरक्षक थरावर, बरेच प्रश्न आलेत आणि बहुतेकांना एकच हवंय, की कुठल्या कंपनीचं मटेरियल मारू. ते नंतर बघू हो, आधी हौदा घासणार कोण आणि कसा ते ठरवा, कारण लायनर निघतो तो दहात नऊ वेळा खालच्या तयारीमुळेच.

प्रश्न (निफाड): बोलेरो पिकअप आहे, कांदा आणि द्राक्षाचे क्रेट असतात. एक जण चेकर प्लेट (उठावाच्या नक्षीचा जाड पत्रा) टाका म्हणतो, दुसरा स्प्रे लायनर. काय करू?

तुमच्या मालाला लायनर पुरे. चेकर प्लेट ठोकर चांगली सोसते पण तिच्या आणि मूळ पत्र्याच्या मधे पाणी, माती, कांद्याचा पाला अडकून राहतो, वरून काही दिसत नाही आणि खाली पत्रा सडत जातो. सुटा प्लॅस्टिकचा ट्रे टाकला तरी तेच होतं, वर तो गाडीच्या हादऱ्याने घासून रंग पण खातो. लायनर पत्र्याला चिकटूनच बसतो, मधे जागाच नाही. फक्त दगड, सळया वाहणार असाल तर लायनर मारून घ्या आणि त्यावर जाड रबर मॅट टाका, ती मात्र उचलून धुवायची सवय ठेवा.

प्रश्न (रत्नागिरी): मासे वाहतो. लायनर मारला आणि पहिल्याच पावसात फुगे आले, फाळक्याच्या बिजागरीजवळ तर पापुद्रे निघतायत. मटेरियल डुप्लिकेट असेल का?

दादा, असेलही, पण मला आधी मिठाचा संशय येतो. मासळीचं आणि बर्फाचं खारं पाणी पत्र्याच्या बारीक खड्ड्यात बसतं, वरवर पुसून त्यावर लायनर मारला की ते मीठ कोटिंगमधून ओलावा खाली ओढतं आणि फुगा येतो, मटेरियल कितीही भारी असू दे. म्हणून आधी डिग्रीझरने धुवायचं, मग गोड्या पाण्याने भरपूर धुवायचं, पूर्ण सुकवायचं, गंज असेल तिथे चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढायचा आणि उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर. बाकीचा रंग चांगला असेल तर काढायची गरज नाही पण 80 नंबरच्या पेपरने घासून त्याची चमक पूर्ण घालवायची, कोपरे आणि बिजागरीच्या मागे सुद्धा, कारण ग्राइंडर तिथे पोचत नाही आणि पोरं तेवढंच सोडून देतात, मग पापुद्रा नेमका तिथूनच सुटतो. तुम्ही स्वतः जाऊन स्प्रे मारायच्या आधीचा हौदा बघा, कुठेही जुन्या रंगाची चमक दिसली तर काम थांबवा.

कोकणात हवा पण बघावी लागते. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं) निदान 3 अंश वर हवं, नाहीतर डोळ्याला न दिसणारं पाणी पत्र्यावर असतं. त्यातून लायनरचं मटेरियल पॉलियुरेथेन प्रकारचं असेल तर ते ओलाव्याशी रिअ‍ॅक्शन करून कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि आतच बुडबुडे होतात. जुलैत उघड्या शेडमधे हे काम करूच नका.

प्रश्न (चिंचवड): दोन ठिकाणी विचारलं, दोघंही लायनर पॉलियुरिया मटेरियलचा म्हणतात पण दरात दुप्पट फरक. ओळखायचं कसं?

मशीन बघा. खरा पॉलियुरिया दोन भागांत येतो, ते तापवून मोठ्या प्रेशरने गनच्या तोंडाशी एकत्र होतात आणि काही सेकंदांत घट्ट व्हायला लागतात, त्यामुळे साध्या कॉम्प्रेसरवर डब्यातून मारतोय तर तो पॉलियुरिया नाही. जाडी लिहून घ्या. चांगल्या कामात दीड ते तीन मिलिमीटर मिळते, आणि कोणी मिलमधे (इंचाचा हजारावा भाग) सांगितलं तर 40 मिल म्हणजे साधारण 1 मिलिमीटर.

तुमच्या हौद्याबरोबर एक सुटा पत्रा पण स्प्रे करून मागा, पूर्ण पक्का झाला की त्यावर सुरीने फुली मारून टोक उचकटून बघा आणि पेट्रोलचं फडकं घासा. फडकं तपकिरी काळं झालं तर ते डांबरी अंडरकोटिंग आहे, उन्हात मऊ पडणार. रंगाचं म्हणाल तर स्वस्त अ‍ॅरोमॅटिक प्रकार उन्हाने फिका पडतो, अ‍ॅलिफॅटिक टिकतो पण महाग. काळ्या हौद्याला मी त्यासाठी जास्त पैसे घालणार नाही.

प्रश्न (कोल्हापूर): बाटलीचं किट आणून घरीच मारलं तर?

चालेल, हलक्या वापराला. रॅप्टरसारख्या किटमधे 750 मिली मटेरियलला 250 मिली हार्डनर, नीट हलवायचं, दोन हात मारायचे, मधे तासभर थांबायचं आणि जड माल आठवडाभर भरायचा नाही. जाडी मशीनच्या कामाइतकी येत नाही हे धरून चाला. पाणी जायची भोकं आणि बोल्टच्या जागा आधी बंद करून घ्या.

पण एक गोष्ट मी हात जोडून सांगतोय, तोंडाला रुमाल किंवा कापडी मास्क बांधून हे मारू नका. हार्डनरमधे आयसोसायनेट असतं, त्याने दमा होतो, आणि एकदा शरीराने ते धरलं की पुढे अगदी थोड्या वाफेनेसुद्धा अटॅक येऊ शकतो. त्रास होण्याइतकं हवेत असलं तरी वास येईलच असं नाही, म्हणून नाकावर भरवसा नको. बाहेरून हवा पुरवणारा मास्क हवा, अंगभर कपडे आणि हातमोजे हवेत, घरातली मुलं लांब. ते जमणार नसेल तर गॅरेजला द्या, आणि तिथल्या पोराला तसा मास्क आहे का ते विचारा, नसेल तर तिथे काम देऊ नका.

प्रश्न (मिशिगन): माझी फोर्डची एफ-150 पिकअप आहे, लायनरची जाडी मोजायचा मॅग्नेटवाला गेज काही दाखवतच नाही.

2015 पासून तिची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे, मॅग्नेट चालणार नाही. एडी करंटवाला (अ‍ॅल्युमिनियमवर चालणारा) गेज घ्या, आणि तुमच्या लायनरची जाडी त्याच्या रेंजमधे बसते का ते आधी बघा.

प्रश्न (सांगली): लायनर झाला, आता हौद्याला अँगल वेल्डिंग करून घ्यायचेत.

वेल्डिंग आधी करायला हवं होतं ताई. आता बोल्टने बसवता आले तर बघा, भोकाच्या कडेला प्रायमर आणि सीलंट लावून. वेल्डिंगच करायचं असेल तर जोडाच्या आजूबाजूचा आणि पत्र्याच्या मागच्या बाजूचा लायनर पूर्ण खरवडून काढायला लावा, जळला तर विषारी धूर निघतो, आणि नंतर तेवढा भाग घासून त्याच मटेरियलच्या रिपेअर किटने भरून घ्या.