पेंटबॉलचं मैदान सुरू करतोय, प्रथमोपचार पेटीत काय काय ठेवावं?

पेंटबॉलचं मैदान, त्याला लागून दोरांवरचे काही साहसी खेळ, आणि पेटीत काय ठेवायचं याची यादी हवी, असा तुमचा प्रश्न आहे. यादी देते, पण खाली. मी अशा मैदानांवर मार्शल (खेळावर आणि सुरक्षेवर नजर ठेवणारा पंच) म्हणून काम केलंय आणि आता मार्शलांना प्रथमोपचार शिकवते. पेटीत एखादी वस्तू नव्हती म्हणून कुणाचं मोठं नुकसान झालं, असं मी फारसं पाहिलेलं नाही. नुकसान होतं ते पहिल्या पाच मिनिटांत कोणी काय करायचं हे आधी ठरलेलं नसतं म्हणून. त्यामुळे पेटीची खरेदी शेवटी ठेवा.

सुरुवात डोळ्यापासून करू, कारण या खेळात कायमचं नुकसान होण्याची सगळ्यात मोठी भीती तिथेच आहे. गनमधून खेळाडूंवर सुटणाऱ्या रंगभरल्या गोळीचा, म्हणजे पेंटबॉलचा, व्यास साधारण 17 मिलिमीटर आणि वजन जेमतेम 3 ग्रॅम. बहुतेक मैदानांवर वेगाची मर्यादा सेकंदाला 280 ते 300 फूट असते. 300 फूट म्हणजे ताशी सुमारे 330 किलोमीटर. दंडावर, पाठीवर बसला तर काळानिळा वळ उठतो आणि काही दिवसांत जातो. पण मोठा चेंडू जसा भुवईच्या आणि गालाच्या हाडावर अडतो, तसा हा अडत नाही. डोळ्याच्या खोबणीपेक्षा तो लहान असल्यामुळे थेट बुबुळावर आदळतो. डोळ्यात रक्त साकळणं, आतला पडदा (रेटिना) सुटणं, क्वचित डोळा फुटणंही यातून होतं. 1981 साली अमेरिकेत न्यू हॅम्पशरमध्ये पहिला खेळ झाला तो झाडांवर आणि गुरांवर खुणा करायच्या गन घेऊन. माणसाच्या चेहऱ्यासाठी ती वस्तू बनलेलीच नव्हती, हे गन हातात देताना प्रत्येक मार्शलच्या डोक्यात असलं पाहिजे.

म्हणून मास्क हाच तुमचा पहिला प्रथमोपचार. पेंटबॉलसाठीच बनवलेला, एएसटीएम एफ1776 हे मानक पाळणारा मास्क घ्या. कारखान्यातले गॉगल, मोटरसायकलचे चष्मे अजिबात चालणार नाहीत. काचेला चीर, टवका किंवा जवळून बसलेल्या गोळीचा मार दिसला तर ती काच बाद. काहीच दिसत नसेल तरी उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीनंतर बदलायचीच.

आता मास्क असतानाही डोळ्यांना इजा का होते? बहुतेक वेळा तो त्या क्षणी डोळ्यांवर नसतो म्हणून. काचेवर वाफ धरते, खेळाडूला पुढचं दिसेनासं होतं, तो झाडामागे वाकतो, अंगठा हनुवटीखाली घालून मास्क चार बोटं वर उचलतो आणि आतून पुसायला लागतो. तेवढा वेळ पुरतो. त्यामुळे पैसे कुठे घालायचे असं कुणी विचारलं तर मी वाफ न धरणारी दुहेरी काच सांगते. मार्शलने बाहेर नेल्याशिवाय मास्कला हात लावायचा नाही, हा नियम खेळाडूंकडून मोठ्याने म्हणवून घ्या. दुसरी धोक्याची जागा म्हणजे विश्रांतीची. तिथे सगळे मास्क काढून बसलेले असतात आणि कुणाची तरी गन भरलेली असते. मैदानातून बाहेर पडताना बॅरलवर (गनच्या नळीवर) कव्हर चढलंच पाहिजे, आणि त्या वाटेवर एक माणूस फक्त हे बघायला हवा. क्रोनोग्राफवर प्रत्येक गनचा वेग रोज सकाळी मोजा, दुपारी ऊन तापल्यावर पुन्हा मोजा. कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या गनचा वेग गरमीत वाढतो.

इतकं करूनही डोळ्याला लागलंच, तर पुढचं नीट लक्षात ठेवा. चोळायचं नाही, दाबायचं नाही, पापणी बोटांनी उघडून बघायची नाही. गोळीचा थेट मार असेल तर डोळा धुवायचाही नाही, कारण आत फाटलं असेल तर पाणी आणि दाब दोन्ही घातक. डोळ्यावर कडक कवच ठेवायचं. तयार आय शील्ड नसेल तर कागदी कपाचा तळ कापून तो भुवई आणि गालाच्या हाडावर टेकेल असा चिकटपट्टीने लावा. बुबुळाला त्याचा स्पर्श होता कामा नये, आणि खाली कापसाचा बोळा घालायचा नाही. माणसाला डोकं उंच ठेवून बसवा, खायला-प्यायला काही देऊ नका (ऑपरेशन लागू शकतं), अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, आणि नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात लगेच पाठवा. ते रुग्णालय कोणतं हे आजच ठरवून ठेवा. खेळाडू हमखास म्हणतो, "अहो, दिसतंय मला, काही झालेलं नाही." त्याचं ऐकू नका. आत रक्त उतरत असताना किंवा पडदा सुटायला लागला असतानाही पहिला तासभर बऱ्यापैकी दिसू शकतं.

गोळी मास्कवर फुटून नुसता रंग कडेने डोळ्यात गेला असेल तर मात्र भरपूर स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने धुवा. तो रंग मुख्यतः पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा असतो. चुरचुरतो, पण सहसा इजा करत नाही. धुतल्यावरही दुखणं किंवा धूसरपणा राहिला तर डॉक्टरांकडे जायचं.

कुणी पडलं की माणसं धावत जातात, आणि नेमकं हेच मी प्रशिक्षणात मोडून काढते. आधी शिट्टी आणि एकच हाक: "खेळ बंद, मास्क तसेच!" मग सगळ्या बॅरलांवर कव्हर. ते झाल्यावर जखमीजवळ एकच मार्शल जातो, दुसरा फोन करतो, तिसरा फाटकाकडे निघतो. मदतीला गेलेल्या माणसाने घाईत स्वतःचा मास्क काढला आणि लांबच्या बंकरमागे (आडोशामागे) खेळ थांबल्याचं कळलंच नसलं, तर जखमी दोन होतात. पडलेल्याची मान दुखत असेल तर डोकं जागच्या जागी दोन्ही हातांनी धरून ठेवायचं. मास्क काढावाच लागला तर मागचा पट्टा कात्रीने कापायचा, डोक्यावरून ओढून काढायचा नाही.

फाटकाकडे जाणारा तिसरा माणूस अनेकांना फालतू वाटतो. मला तो सर्वात मोलाचा वाटतो. अशी ठिकाणं वस्तीपासून लांब, आतल्या रस्त्यावर असतात. रुग्णवाहिका जवळ येऊनही चुकीच्या वळणावर अडकते, किंवा मागच्या फाटकाला कुलूप असतं आणि किल्ली ज्याच्याकडे तो जेवायला गेलेला. म्हणून मैदानाचे भाग पाडून त्यांना मोठ्या आकड्यांच्या पाट्या लावा. नकाशावरचे अक्षांश-रेखांश, फाटकापर्यंतची वाट आणि जवळच्या रुग्णालयांचे नंबर एका पुठ्ठ्यावर लिहून तो प्रत्येक वॉकीटॉकीसोबत ठेवा. मोबाइलची रेंज कुठे मिळते ते स्वतः फिरून बघा. एकदा तुमच्या सर्वात नवख्या मार्शलला सर्वात लांबच्या बंकरपाशी उभं करा आणि म्हणा, "मी रुग्णवाहिकेचा माणूस, तू कुठे आहेस ते मला सांग." तो जिथे अडखळेल ती तुमची खरी त्रुटी.

हृदय थांबण्याचा प्रसंग दुर्मीळ, पण तिथे वेळच मिळत नाही. छातीदाब चालू नसेल, तर विजेचा शॉक मिळायला उशीर होणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. शक्य असेल तर हा शॉक देणारं एईडी यंत्र घ्या आणि ते कपाटात कुलपाखाली ठेवू नका. मैदानाच्या कुठल्याही टोकाला तीनेक मिनिटांत पोचलं पाहिजे. प्रत्येक मार्शलला छातीदाब यायलाच हवा: छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120, मोठ्या माणसात 5 ते 6 सेंटिमीटर खोल. हे पुतळ्यावर हाताने केल्याशिवाय येत नाही.

उन्हाचं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं होतं. जाड कपडे, चेहऱ्यावर मास्क, धावपळ, आणि खेळाच्या नादात पाणी प्यायचं राहून जातं. चक्कर, पेटके, मळमळ असेल तर सावली, पाणी, ओआरएस आणि विश्रांती. पण माणूस बरळायला लागला, ओळख पटेना, तोल जायला लागला तर तो उष्माघात समजा, घाम येत असला तरीही. तेव्हा गाडीत घालून पळायचं नाही. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत कपडे सैल करून त्याला थंड पाण्याच्या टबात मानेपर्यंत बसवा, एकाने डोकं धरून ठेवा. टब नसेल तर अंगावर पाणी ओतत राहा आणि वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नको. म्हणून एक मोठा टब आणि बर्फ ही तुमच्या यादीतली वस्तू आहे, कुठल्याही तयार पेटीत ती मिळणार नाही.

विजांसाठी नियम सोपा: वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर सगळ्यांना पक्क्या इमारतीत न्या आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर सोडू नका. दोरांवर कुणी बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये (अंगाला बांधलेल्या सुरक्षापट्ट्यांत) लटकलं तर त्याला लगेच खाली घ्या आणि सरळ आडवं झोपवा. ते उतरवायचं कसं, याचा सराव तुमच्याच माणसांनी केलेला असावा. डोक्याला मार लागून गोंधळलेला किंवा उलटी झालेला माणूस त्या दिवशी पुन्हा खेळत नाही, कितीही गळ घातली तरी. गनच्या गॅसचा सिलिंडर भरायचं काम शिकलेल्या माणसाशिवाय कुणी करू नये आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह खेळाडूने कधीच खोलू नये. व्हॉल्व्हपासून सुटून सिलिंडर उडाल्याने माणसं दगावली आहेत.

आता पेटी. हातमोजे वेगवेगळ्या मापांचे, गॉज आणि दाबपट्ट्या भरपूर, क्रेप बँडेज, त्रिकोणी पट्ट्या, खपच्या, चिकटपट्टी, अर्धा लिटरच्या सलाइनच्या बाटल्या, दोन कडक आय शील्ड, जाड कापड कापणारी कात्री, चिमटा, श्वास देण्याचा पॉकेट मास्क, चांदीसारखी चमकणारी उबदार चादर, थंड शेकाचे पॅक, ग्लुकोज, ओआरएस आणि रक्तस्राव थांबवायचा एक चांगला टुर्निके. टुर्निके वापरायला शिकलेला माणूस नसेल तर तो आणू नका, हाताने घट्ट दाबून धरा. गोळ्या-औषधं ठेवू नका. कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे ते तुम्हाला माहीत नसतं. त्याऐवजी नावनोंदणीच्या कागदावर दमा, मधुमेह, फिट येणं, मधमाशीची अ‍ॅलर्जी, रक्त पातळ करणारी औषधं हे पाच प्रश्न विचारा, आणि इन्हेलर किंवा अ‍ॅड्रिनालिनचं इंजेक्शन-पेन असलेल्याला ते गाडीत न ठेवता सोबत ठेवायला सांगा.

रोजचं काम मात्र मुरगळलेल्या घोट्याचंच असतं. चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे. नाहीतर थंड शेक, क्रेप बँडेज, पाय उंच. हे सगळं वहीत लिहा: वेळ, मैदानाचा भाग, काय झालं, काय केलं. दर महिन्याला ती वही घेऊन मैदानात फिरा. एकाच बंकरमागे घोटे पुन्हा पुन्हा मुरगळत असतील तर तिथला खड्डा बुजवायचाय किंवा मूळ कापायचंय, आणि ते पुढचा गट यायच्या आत.