फिनलंडसाठी घर गहाण ठेवू नका, अर्ज मात्र जरूर भरा

सांगलीच्या एका ताईंचं पत्र आहे. मुलगी २४ वर्षांची, बीएस्सी, बीएड, टीईटी पास. तिला फिनलंडला जाऊन तिथलं शिक्षण शिकायचंय. एजंटाने दोन पर्याय दिलेत : जूनमध्ये १० दिवसांचा शाळा अभ्यास दौरा, पावणेचार लाखांत, नाहीतर इंग्रजी माध्यमातलं दोन वर्षांचं मास्टर्स, फी वर्षाला १२ हजार युरो. घरात १६ लाखांच्या ठेवी आहेत, वडील तीन वर्षांनी निवृत्त होतील. त्यांचं म्हणणं, फ्लॅट तारण ठेवू. ताई विचारतात, ठेवायचा का?

ताई, दौऱ्याचं आधी सांगतो. नको. तुम्ही पाठवलेल्या पत्रकावर १० ते १९ जून अशी तारीख आहे. फिनलंडच्या शाळांना तेव्हा उन्हाळी सुट्टी लागलेली असते, ती संपते ऑगस्टमध्ये. तिला वर्ग दिसतील, बाकं दिसतील, शिकणारी मुलं दिसणार नाहीत.

मास्टर्सचा हिशेब कागदावर मांडा. सोयीसाठी युरो १०० रुपयांना धरू. फी २४ लाख. राहण्याखाण्यासाठी तिथला विद्यार्थी परवाना महिन्याला ८०० युरो दाखवायला सांगतो, त्याचे दोन वर्षांचे १९ लाख २० हजार. विमान, विमा, थंडीचे कपडे मिळून आकडा ४५ लाखांच्या घरात जातो. सगळ्या ठेवी मोडल्या तरी ३० लाखांचं कर्ज उरतं. ११ टक्क्यांनी १० वर्षांसाठी घेतलं, तर शिकतानाचं व्याज न धरताही हप्ता ४१ हजारांवर. आणि परत येऊन अनुदानित माध्यमिक शाळेत लागली, तर शिक्षण सेवकाचं मानधन महिन्याला १८ हजार, तेही पहिली तीन वर्षं. फिनलंडच्या पदवीने त्यात एक रुपया वाढत नाही.

तिकडेच राहिली तर? पदवीनंतर नोकरी शोधायला दोन वर्षांपर्यंतचा परवाना मिळतो, हे खरं. पण इंग्रजीतल्या बहुतेक मास्टर्सनी तिथे शिक्षक होण्याची पात्रता मिळत नाही, आणि नगरपालिकेच्या बहुतेक शाळा फिनिश किंवा स्वीडिश भाषेत चालतात. हे एजंटाने सांगितलं नसेल, तर त्याला जरूर विचारा. त्याच्या पत्रकातलं ‘जगात पहिला’ हेही जुनं झालं : पिसा या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत फिनलंडचे गणिताचे गुण २००६ मध्ये ५४८ होते, २०२२ मध्ये ४८४.

तरीही मुलीची ओढ चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. फिनलंडमधल्या युवास्कुला शहरात १८६३ साली फिनिश भाषेतलं पहिलं शिक्षक प्रशिक्षण विद्यालय निघालं, आणि आज तिथल्या विद्यापीठाची स्वतःची सराव शाळा आहे. भावी शिक्षिका तास घेते, मार्गदर्शक शिक्षक मागे बसून बघतात, आणि तास संपला की दोघं बसून बोलतात : तो मागच्या बाकावरचा मुलगा गप्प का झाला, प्रश्न विचारल्यावर तू थांबलीस का नाहीस. आपल्याकडे बीएडचे पाठ कसे उरकले जातात ते मी माझ्या बायकोच्या वेळी पाहिलंय. पाठाची वही भरली, सही झाली, संपलं. हा फरक शिकावासा वाटणारी मुलगी चांगली शिक्षिका होईल, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून माझं मत असं. आधी तिने इथे दोन वर्षं नोकरी करावी, खासगी शाळेतही चालेल, आणि विमान-विम्याचे पैसे स्वतः साठवावेत. मग जानेवारीत अर्ज भरावा. अर्ज थेट ऑनलाइन होतो, शुल्क १०० युरो, एजंट लागत नाही. तिथली विद्यापीठं शिष्यवृत्ती देतात ती मुख्यतः फीमाफीची. पूर्ण फीमाफी मिळाली तरच पाठवा. अर्धी मिळाली तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज.

फीमाफी मिळाल्यावर ठेवींतले ९ लाख ६० हजार पहिल्या वर्षासाठी तिच्या स्वतःच्या खात्यात ठेवा, दुसऱ्या वर्षासाठी १० लाखांचं कर्ज काढा. हप्ता पावणेचौदा हजार. जड आहे, पण पेलेल. कर्ज बँकेचं शैक्षणिकच घ्या, सोनेतारण नको : शैक्षणिक कर्जाची रक्कम परदेशी पाठवताना टीसीएस, म्हणजे बँक आगाऊ कापते तो कर, लागत नाही, आणि जुनी करप्रणाली घेतली तर व्याजाची ८ वर्षं वजावट मिळते. तिथल्या अर्धवेळ कामाची कमाई या हिशेबात अजिबात धरू नका. फिनिश येत नसेल तर ते काम मिळायला कितीतरी महिने जाऊ शकतात.

उरलेले ६ लाख ४० हजार आणि फ्लॅट, या दोन्हीला हात लावायचा नाही. तुमच्या यजमानांना हे पत्र वाचून दाखवा, आणि मुलीला फिनिशचा रोज अर्धा तास आजपासूनच सुरू करायला सांगा.